अकरा सेकंदांचा श्वास

शुक्रवार, ११ एप्रिल २०२५, हॅनोव्हर

आज सायंकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी मी लेखक झालो. तत्पूर्वी मी केवळ अभियंता होतो. गिअरबॉक्समधून निघणारा कर्णकटू ध्वनी मोजावा आणि तो कोणत्या दात्याच्या दुर्वर्तनामुळे निघतो हे कारखान्यास सविनय कळवावे, हा माझा गेल्या एकोणीस वर्षांचा व्यवसाय. परंतु लिंडन भागातील तबकडीविक्रेते व लघुप्रकाशक श्री. लुडेके यांनी आज स्वतः दूरध्वनी करून 'द मॅग्नोलेट्स' यांच्या समग्र ध्वनिमुद्रणांच्या नव्या आवृत्तीसाठी प्रास्ताविक निबंध लिहिण्याची विनंती केली. मी दोन सेकंद मौन पाळले. एवढे मौन प्रतिष्ठेस आवश्यक असते. नंतर होकार दिला.

ही वार्ता मी सहधर्मचारिणीस निवेदन केली. उत्कर्षा विद्यापीठात मृदाशास्त्रज्ञ आहे. तिचे पाय सदैव जमिनीवर असतात.

"अहो, अभिनंदन. पण जर्मनमध्ये लिहायचंय ना? तुमचं डेर-डी-दास, ती तीन लिंगं, कोण सुधारणार?"

"हर्षा."

"तिला विचारलंत?"

कन्येने पितृआज्ञा पाळावी की कसे, हा विषय आमच्या गृहात अद्याप चर्चाधीन आहे.

मॅग्नोलेट्सविषयी: ओहायो प्रांतातील टोलेडो नगरीच्या तीन शाळकरी मैत्रिणी. रोझलिन प्रुइट, वर्ना मे हॉलिस, लुसील टेट. १९६१ ते १९६४ या काळात चौदा ध्वनिमुद्रणे. प्रत्येक तबकडीवर नाव एकच: 'रोझलिन प्रुइट आणि द मॅग्नोलेट्स'. इथल्या अमेरिकन लष्कराच्या नभोवाणीमुळे जर्मनांना त्या ठाऊक झाल्या. मला त्या येथील पहिल्या हिवाळ्यात जुन्या बाजारात भेटल्या. तबकडीवर सुई अवतरताच तीन स्त्रियांचा एकत्र स्वर निघाला आणि मला अकस्मात घरी आल्यासारखे वाटले. का, याचे शास्त्रीय कारण अद्याप सापडलेले नाही.

निबंधाचा गाभा निश्चित आहे. बसथांब्यावर उभ्या राहिलेल्या मुलीचे त्यांचे जे १९६३ चे गीत आहे, त्याच्या अंतिम कडव्यात एक स्वर अकरा सेकंद टिकतो. त्यावरून संग्राहकांमध्ये दोन संप्रदाय पडले आहेत. सांधावादी म्हणतात, फीत कापून जोडली. एकश्वासवादी म्हणतात, रोझलिनने एका दमात गायले. दुसऱ्या संप्रदायाचा मी आद्य प्रवर्तक. माझे तीर्थरूप कै. यादवराव पगारे, मनमाडच्या रेल्वे कारखान्यातील लोहार आणि सायंकाळचे शाहीर, जलशात नऊ सेकंद स्वर धरीत. पंचक्रोशीत त्यांच्या दमाची ख्याती होती. तेव्हा एकश्वास शक्य असतो हे ज्ञान मला वारशाने प्राप्त झाले आहे.

निबंधाचे शीर्षक: 'एकश्वास'. मुदत: १३ जून.


रविवार, १३ एप्रिल

मातोश्री गयाबाई गेल्या शनिवारी नव्वद दिवसांच्या व्हिसावर येथे पोहोचल्या आहेत. वय एकोणऐंशी. आज त्या स्वयंपाकघरात उत्कर्षेने अरण्यातून आणलेला बेअरलाउख, म्हणजे येथील रानलसूण, निवडत बसल्या होत्या.

"उजू," त्यांनी मला हाक मारली, "याला नुसती पानंच हायेत. लसूण कुठंय?"

मी शेजारच्या खोलीत बसथांब्याचे गीत अध्ययनार्थ लावले होते. अकरा सेकंद पूर्ण झाले. पलीकडून आवाज आला.

"दोघी हायेत."

"कोण?"

"गाणाऱ्या. पहिलीचा दम सरत आला, दुसरीनं उचललं."

मी उठून दारात गेलो आणि मातोश्रींस सौजन्यपूर्वक समजावले, की या प्रश्नावर आमच्या संग्राहकमंडळाचे तीन खंडांतील दोनशे बारा सभासद वीस वर्षे वाद घालीत आहेत.

"घालू दे की," त्या म्हणाल्या. "मोकळीच असतील."

असो. घरात पाहुणे आले की अध्ययनात व्यत्यय हा येणारच.


शनिवार, २६ एप्रिल

जयंती आज साजरी झाली. हॅनोव्हर व परिसरातील ऐंशी मंडळी. चर्चचे एक सभागृह भाड्याने. अट अशी की रात्री आठपूर्वी ते झाडूनपुसून परत करावयाचे. बाबासाहेबांच्या प्रतिमेस हार घालण्याच्या आधी तीन जणांनी केरसुणी कुठे आहे ते पाहून ठेवले होते. आपण या देशात मुरलो याचा आणखी पुरावा कशास हवा?

ड्रेस्डेनहून संघर्ष नावाचा पीएच.डी. करणारा तरुण आला होता. आवाज भरदार, आत्मविश्वास त्याहून अधिक. त्याने चढ्या पट्टीत गीत धरले. तिसऱ्या कडव्याच्या शेवटी मला त्याच्या मानेची शीर दिसली आणि मी मनात म्हणालो, आता तुटणार.

तुटले नाही.

माझ्या शेजारी मातोश्री कागदी बशीत पुलाव घेऊन बसल्या होत्या. त्यांचे ओठ जेमतेम विलग होते. स्वर तेथून येत होता. तिसऱ्या रांगेतून, पुलावाच्या वरून तो सरळ जाऊन त्या तरुणाच्या स्वरात मिसळला, त्याने श्वास घेतला, पुन्हा धरले, आणि मातोश्रींनी पुढचा घास घेतला. सभागृहात कोणाच्याही ध्यानी आले नाही. संघर्षच्याही नाही. नंतर त्याच्या दमाची भरपूर प्रशंसा झाली.

"छान गायलास रे बाबा," मातोश्रीही त्याला म्हणाल्या. तोंडावरची सुरकुती हलली नाही.

या प्रसंगी मला एक सिद्धांत सुचला.


मंगळवार, २९ एप्रिल

भोजनाच्या सुट्टीत मी कार्यालयातील विश्लेषकयंत्रावर बसथांब्याचे गीत चढवले. शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याने विचारले, हा कोणता गिअरबॉक्स. मी म्हणालो, टोलेडोचा.

परिणाम रोमहर्षक आहे. पहिले सहा सेकंद स्वराचा कंप दर सेकंदास ५.४ वेळा. सहा पूर्णांक दोन दशांश सेकंदांनंतर ६.१ वेळा. कंठ बदलला! फीत कापली असती तर तेथे पार्श्वध्वनी तुटला असता. तो अखंड आहे. म्हणजे फीत कापली नाही, आणि श्वासही एक नाही. एका गायिकेने दुसरीकडून स्वर चालू असताना उचलला आहे. आमच्याकडे जलशात झील धरणारे करतात, अगदी तसा.

मी आज दुपारी एक ते दीड या अवधीत स्वतःच स्थापन केलेल्या संप्रदायाचा त्याग केला. असे धैर्य इतिहासात विरळा. श्री. लुडेके यांना 'माझा शोध' या विषयाखाली चार पृष्ठांचे पत्र धाडले.

त्यांचा दूरध्वनी पाचला आला. "होय, हेर पगारे, इंटरेसांट. पण ही तुमच्या यंत्रावरची रेषा झाली. दुसरी गायिका कोण? नाव छापायचं तर माणूस पाहिजे."

त्यांचे म्हणणे न्याय्य आहे. रोझलिन प्रुइट १९७१ मध्ये निवर्तली, लुसील टेट त्यानंतर वीस वर्षांनी. वर्ना मे हॉलिसचा पत्ता कोणास ठाऊक नाही. तिचे नाव बासष्ट वर्षांत एकाही तबकडीवर उमटलेले नाही. तिथे ती केवळ 'आणि द मॅग्नोलेट्स'. २७ जूनला छपाई सुरू होईल. तत्पूर्वी ती सापडली आणि बोलली, तर तबकडीच्या मधोमध, रोझलिनशेजारी तिचे नाव छापले जाईल. नाही तर हे पुन्हा कधी होणार नाही. साठ वर्षांपूर्वीच्या गीतांच्या नव्या आवृत्त्या दररोज निघत नसतात.


गुरुवार, ८ मे

सापडली! आणि कुठे? र्युसेल्सहाइमला! जिला तीन खंडांत शोधले, ती येथून गाडीने तीन तासांवर राहते. अमेरिकन लष्करातील पतीसमवेत ती १९६७ साली तेथील हेसेन प्रांतात आली, पती वारल्यावरही राहिली, आणि तीस वर्षे तेथील एका भक्तिगीतमंडळात गात होती. त्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या छायाचित्राखाली नाव होते. मी पत्र लिहिले. त्यात 'परमादरणीय' हे विशेषण जर्मन भाषेत ज्या तीन प्रकारे येते ते तिन्ही योजले.

उत्तरादाखल एक पोस्टकार्ड आले. 'या. दुपारी तीनच्या आधी नको. केक आणा. लोणी घातलेले क्रीम नको.'


रविवार, २५ मे

काल र्युसेल्सहाइमला जाऊन आलो. क्रमवार लिहितो, कारण हा इतिहास आहे.

मातोश्रींना नेण्याचा माझा मनोदय नव्हता. संशोधकाने सहकुटुंब जाऊ नये. परंतु त्या सकाळी सात वाजताच नेसून, केसांना तेल लावून, पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"आई, तिथं सगळं जर्मनमध्ये चालणार. तू कंटाळशील."

"तुझ्या लग्नात सगळं इंग्लिशमध्ये चाललं होतं. कंटाळले का मी?"

गाडी पन्नास मिनिटे उशिरा आली. मातोश्रींना मनमाडची आठवण होऊन बरे वाटले.

वर्ना मे हॉलिस, वय ब्याऐंशी. चौथ्या मजल्यावरील सदनिका, खिडकीत जिरेनियम. उंच, सावळी, ताठ मान. पाहताच मला आमच्या मनमाडच्या मुख्याध्यापिकाबाई आठवल्या. तिची जर्मन अस्सल हेसेनची. जिभेला टोलेडो किंचितही उरलेले नाही. मातोश्रींनी हात जोडून "जयभीम" म्हटले. तिनेही हात जोडले आणि काहीच विचारले नाही.

मी माझी बैठक मांडली: आलेख, रेषा, ५.४, ६.१. पाऊण तास बोललो. तिने केक संपवला.

"रोझलिन गायली," ती म्हणाली. "तबकडीवर लिहिलंय."

"परंतु बाई, सहा पूर्णांक दोन दशांश सेकंदाला—"

"तिथे काही झालं नाही."

"यंत्र असे दर्शवते की तेथे दुसरा कंठ प्रवेश करतो."

"मग यंत्र चुकतंय." ती उठून खरकट्या बशा गोळा करू लागली. या देशात बशा गोळा होऊ लागल्या की भेट संपते. मी कागद आवरू लागलो. सत्तावीस जून, तबकडीच्या मधोमधची ती रिकामी जागा, सारे काही त्या बशांबरोबर स्वयंपाकघराकडे निघाले होते.

"काय म्हणती ती?" मातोश्रींनी विचारले.

"म्हणते, सहाव्या सेकंदाला काही घडलं नाही. खोटं बोलते."

"खोटं कशापायी? बरोबर बोलती. सहाव्याला पहिली निघून गेली. दुसरी त्याच्या आधीच आत आलीये, पहिलीत दम होता तेव्हाच. दम सरल्यावर उचललं तर लोकांना सांधा कळतो. तिसऱ्या मोजणीला शिरायचं आणि आवाज सपाट ठेवायचा, हलवायचा नाही. पहिली बाहेर पडली की मग हलवायचा. विचार तिला."

मी विचारले. म्हणजे, भाषांतर केले. वर्ना मे हॉलिस बशा हातात घेऊन उभी राहिली. मग तिने त्या पुन्हा टेबलावर ठेवल्या आणि प्रथमच माझ्याऐवजी मातोश्रींकडे पाहिले.

"सपाट," ती म्हणाली. "गेनाऊ, बरोबर. सपाट."

त्यानंतर ती बोलली. रोझलिनला पंधराव्या वर्षी न्यूमोनिया झाला होता. एक फुप्फुस कायमचे दुबळे. हे निर्मात्याला कळते तर त्याने दुसऱ्या दिवशी दुसरी मुलगी आणली असती. तेव्हा तिघी एकाच मायक्रोफोनसमोर इतक्या चिकटून उभ्या राहत, की कोणाच्या तोंडातून काय निघते हे काचेपलीकडे कळू नये. लुसील हाताच्या आड बोटे मोजी: एक, दोन, तीन. तिसऱ्या बोटाला वर्ना आत. चौदापैकी नऊ गीतांत. १९७१ साली वर्ना टोलेडोला गेली तेव्हा रोझलिनच्या मरणशय्येपाशी तिने आणि लुसीलने ठरवले होते, कोणाला सांगायचे नाही.

"आणि कोणी विचारलंही नाही," वर्ना म्हणाली. "बासष्ट वर्षं."

मी विचारले, आता छापू का?

ती खिडकीशी जाऊन जिरेनियमची वाळकी पाने खुडू लागली. "छापा. पण मी तिच्या ऐवजी गायले असं नाही लिहायचं. सोबत गायले असं लिहायचं. ऐवजी नाही, सोबत. कळलं?"

त्यानंतरचे दोन तास माझ्या वाट्याला केवळ दुभाष्याचे कार्य आले. श्वास पोटात घ्यावा की बरगडीत, गाण्याआधी दही खावे की नाही, सर्दीत झील कशी धरावी. मी मध्ये एकदा आलेखाचा उल्लेख केला. दोघींनीही माझ्याकडे थांबा म्हणून हात केला. एकाच क्षणी, एकाच पद्धतीने.

परतीच्या गाडीत मातोश्री संत्रे सोलत होत्या. मी प्रसन्न होतो. म्हणालो, "या रोझलिनबाईंच्या जागी आपले अण्णा असते तर कोणाच्या मदतीशिवाय धरला असता स्वर. नऊ सेकंद!"

मातोश्रींनी संत्र्याची फोड माझ्या हातावर ठेवली.

"तुझ्या अण्णाला कुठं दम होता रे. भट्टीच्या धुरानं छाती गेलेली त्याची. चार मोजले की संपला."

मग काही वेळाने म्हणाल्या, "तुला आत्ता कळलं होय?"

ती फोड हॅनोव्हरपर्यंत माझ्या हातावरच होती.


सोमवार, ९ जून

सुट्टीचा दिवस. निबंध पूर्ण झाला. एकोणीस पृष्ठे. हे लेखन ओजस्वी व प्रमाणबद्ध झाले आहे, असे मी अत्यंत तटस्थपणे नमूद करतो. शीर्षक आता 'सोबत'. हर्षेने कन्याधर्म म्हणून एकशे चौदा व्याकरणदोष दुरुस्त केले. ती सोळा वर्षांची आहे. मराठी सर्व समजते, उत्तर जर्मनमध्ये देते.

दुरुस्ती संपवून तिने कागद माझ्यापुढे सरकवले. "पापा, उन्ट वो इस्ट आजी?"

आजी कुठे आहे? मी म्हणालो, आजी बाल्कनीत आहे.

"नाइन. हिअर." म्हणजे, नाही, इथे. तिने एकोणीस पृष्ठांवर बोट आपटले.

मी शेवटचे पृष्ठ उघडून दाखवले: 'सहकार्याबद्दल लेखक आपल्या कुटुंबाचा ऋणी आहे.' कुटुंबात मातोश्री अंतर्भूत आहेतच. ती हसली. तिने एक जर्मन शब्द उच्चारला, ज्याचा अर्थ 'लाजिरवाणे' असा होतो, आणि निघून गेली.

नव्या पिढीस ग्रंथलेखनाच्या शिष्टाचाराची जाण नाही. मातोश्रींनी ऐकले, हे मान्य. परंतु ऐकणे आणि सिद्ध करणे यांत महदंतर आहे. ५.४ आणि ६.१ हे आकडे कोणी काढले? र्युसेल्सहाइमला पत्र कोणी लिहिले? 'प्रस्तुत लेखकाच्या असे लक्षात आले की' या वाक्यात असत्य असे काहीही नाही. माझ्या लक्षात आलेच होते. प्रथम कोणाच्या, एवढाच काय तो प्रश्न, आणि तो कालगणनेचा आहे, विद्वत्तेचा नव्हे.


गुरुवार, १२ जून

उद्या मुदत. आज निबंध पाठवणार होतो. त्यापूर्वी, केवळ तुलनात्मक अध्ययनासाठी, अण्णांची कॅसेट काढली. १९८६ साली नाशिकला मुद्रित झालेली, अण्णांनी स्वतः रचलेली आठ गीते. मी तिचा आवाज केव्हाच संगणकावर उतरवून ठेवला आहे आणि या घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तो नऊ सेकंदांचा स्वर ऐकवला आहे. हात वर करून, घड्याळ दाखवून. जर्मन पाहुण्यांनाही.

आज यंत्रावर चढवला. अण्णा चौथ्या सेकंदाला थांबतात. पुढचे पाच सेकंद मातोश्री आहेत. मी एकोणचाळीस वर्षे मातोश्रींचा आवाज ऐकवून अण्णांच्या दमाचा गौरव करीत आलो. ध्वनिमापन हा माझा व्यवसाय आहे, हे वर आलेच आहे.

कॅसेटचे वेष्टन अद्याप आहे. अण्णांचे छायाचित्र, हातात डफ. खाली अक्षरे: 'यादवराव पगारे आणि पार्टी'.

माझा निबंध शेजारीच पडला होता. शेवटचे पान उघडेच होते.

मी बाल्कनीत गेलो. मातोश्री कोथिंबिरीच्या कुंडीला पाणी घालीत होत्या.

"आई, कॅसेटवर तुझं नाव नाही."

"आहे की."

"कुठाय?"

"आणि पार्टी. आम्हीच ती पार्टी." त्यांनी कुंडी उन्हाकडे वळवली. "तुझ्या अण्णाला सगळे वाघ म्हणायचे. मला लई बरं वाटायचं. कोणाच्या जिवावर वाघ होता, ते मला ठाऊक होतं ना. बास होतं तेवढं."

"मला नव्हतं ठाऊक."

"तुला सांगितलं असतं तर तू शाळेत सांगून आला असतास."

हे खरे आहे. सांगून आलो असतो.

"मी लिहू का तुझं नाव? तिकडच्या पुस्तिकेत?"

मातोश्रींनी कोथिंबिरीची दोन पिवळी पाने खुडली. मला खिडकीशी उभी राहिलेली वर्नाबाई आठवली.

"अण्णाचं काही लिहू नको," त्या म्हणाल्या. "तो वाघच राहू दे. त्या बाईचं मी ऐकलं, ते लिही. ते खरं हाय."

मी आत येऊन एकोणीस पृष्ठांतील 'प्रस्तुत लेखकाच्या असे लक्षात आले' हे वाक्य शोधले. ते सात ठिकाणी होते. सातही ठिकाणी खोडले. हर्षा शेजारी येऊन बसली आणि तिने न सांगता नव्या वाक्यांचे डेर-डी-दास लावले. निबंध तीन पृष्ठांनी लहान झाला. उत्कर्षेने वाचून अभिप्राय दिला: "अहो, हा पहिल्यांदा तुमच्यापेक्षा बुटका झालाय. बरा वाटतोय."

साडेसहा वाजता पाठवला.


बुधवार, २५ जून

छपाईपूर्व प्रत आली. तबकडीच्या मध्यभागी वर्तुळाकार अक्षरे: 'रोझलिन प्रुइट, वर्ना मे हॉलिस, आणि लुसील टेट'. लुसीलचे नाव मीच आग्रहाने घालायला लावले. जिने बोटे मोजली तिला वगळून अकरा सेकंद होत नाहीत. श्री. लुडेके प्रथम कुरकुरले, नंतर म्हणाले, आल्झो, म्हणजे ठीक तर, तीन नावे वर्तुळात अधिक शोभून दिसतात.

वर्नाबाईंनाही प्रत गेली होती. त्यांचा दूरध्वनी दुपारी आला.

"मी पट्टीनं मोजलं," त्या म्हणाल्या. "अक्षरं तिची आणि माझी सारखीच आहेत. गूट."  फोन मात्र बंद केला नाही. मी धरून राहिलो. तिकडे कोणीतरी नाक पुसत होते. मग त्या म्हणाल्या, "तुमच्या आईला सांगा, सर्दीत दही खाऊन पाहिलं. चालत नाही," आणि फोन ठेवला.


गुरुवार, २६ जून

मातोश्री पुढल्या बुधवारी परत जाणार. आज त्यांना समोर बसवून पुस्तिका वाचून दाखवली. उत्कर्षा व हर्षाही बसल्या. मी जर्मन वाचीत होतो व मराठी सांगत होतो; या कार्यात मी आता तरबेज झालो आहे. दुसऱ्या पृष्ठावर पोहोचलो.

"'या गीतात दोन स्वर आहेत हे प्रथम ओळखले श्रीमती गयाबाई पगारे, मनमाड, यांनी. वय वर्षे एकोणऐंशी. त्या स्वतः चाळीस वर्षे झील धरीत होत्या. यंत्राने सोळा दिवसांनंतर त्यांच्याशी सहमती दर्शवली.'"

 मातोश्रींनी पुस्तिका हातात घेतली, आपले नाव कोणते ते मला विचारले, त्यावर बोट ठेवले आणि त्या परकीय अक्षरांवरून ते सावकाश डावीकडून उजवीकडे नेले. उत्कर्षेने उगाच डोळ्यांचा चष्मा पुसला. मीही काही पुसण्यासारखे शोधत होतो. माझ्याकडे चष्मा नाही.

"हे पुढचं काय?" मातोश्रींनी विचारले.

"मनमाड."

"नुसतं मनमाड?"

"हो."

"जंक्शन कुठंय?"

मी म्हणालो, आई, जर्मन वाचकाला तेवढे पुरे आहे.

"नुसतं मनमाड म्हटलं तर त्यांना वाटंल, एखादं हॉल्ट स्टेशन असंल." त्यांनी पुस्तिका मिटून माझ्याकडे दिली. त्यांची मान ताठ होती. "नाव घालायचंच तर नीट घाल. जंक्शन आहे ते."

हर्षा म्हणाली, "आजी हाट रेष्ट." आजीचे बरोबर आहे.

या देशात ठरलेली छपाई आदल्या दिवशी थांबवणे ही गोष्ट सोपी नाही. मी श्री. लुडेके यांना दूरध्वनी केला.  मग त्यांनी मुद्रकाचे, कागदाचे आणि स्वतःच्या रक्तदाबाचे वृत्त निवेदन केले. मी संपूर्ण ऐकले. शेवटी त्यांनी विचारले, एका शब्दासाठी? हे शास्त्रीयदृष्ट्या आवश्यक आहे काय?

मी मातोश्रींकडे पाहिले. त्या कोचावर, रेल्वेच्या प्रथम वर्गात बसावे तशा बसल्या होत्या.

"होय," मी म्हणालो. "तिथून चार दिशांना गाड्या सुटतात."

छपाई सोमवारी होईल.